पैसा परदेशात गेला, म्हणजे तपास संपला?

चाकणच्या कारखान्यात पर्चेस विभागाला परदेशी पुरवठादाराचा मेल येतो: 'आमचं बँक खातं बदललंय.' पत्त्यातलं एक अक्षर वेगळं असतं. ते लक्षात येईस्तोवर रक्कम तिसऱ्याच देशात पोचलेली असते. मग ज्याच्या त्याच्या तोंडी एकेक तर्क.

गैरसमज: चिंचवडचे पोलीस परदेशी बँकेला थेट आदेश देतील.
वस्तुस्थिती: आपल्या पोलिसांचा आदेश तिथं चालत नाही. पुरावा परदेशात असेल, तर तपास अधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 112 नुसार न्यायालयात अर्ज करतो. न्यायालयाचं विनंतीपत्र केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत त्या देशाकडे जातं. म्हणूनच वेळ लागतो.

गैरसमज: इंटरपोल आरोपीला उचलून आणतं.
वस्तुस्थिती: इंटरपोल 196 देशांच्या पोलिसांना जोडतं; अटक त्या त्या देशाचे पोलीस करतात. रेड नोटीस म्हणजे अटक वॉरंट नव्हे. तिच्यावर काय करायचं, हे प्रत्येक देश आपल्या कायद्यानुसार ठरवतो. भारतात हा संपर्क सीबीआयमार्फत होतो. त्यासाठीचं 'भारतपोल' पोर्टल 7 जानेवारी 2025 रोजी सुरू झालं.

गैरसमज: टोळी परदेशात असली, की शिक्षा कुणालाच होत नाही.
वस्तुस्थिती: ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. बनावट कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, काही कोटी हाँगकाँगला वळवले गेले. एकूण फटका 94 कोटींचा. एप्रिल 2023 मध्ये पुण्यातल्या न्यायालयानं 11 जणांना दोषी ठरवलं. सगळे सूत्रधार हाती लागले नाहीत, पण इथले हे साथीदार सुटले नाहीत.

गैरसमज: तपास अधिकाऱ्यांचं परदेशी प्रशिक्षण म्हणजे सरकारी खर्चानं सहल.
वस्तुस्थिती: जपानमध्ये 1962 पासून संयुक्त राष्ट्रांशी संलग्न 'उनाफेई' ही संस्था आहे. तिथं अनेक देशांचे पोलीस, सरकारी वकील, न्यायाधीश आणि तुरुंग अधिकारी एकत्र शिकतात. एकमेकांची पद्धत कळण्याचा उपयोग विनंतीपत्र लिहिताना दिसतो. नेमका कोणता पुरावा हवा, त्याचा गुन्ह्याशी संबंध काय, ते कृत्य तिकडेही गुन्हा ठरतं का, हे मोघम लिहिलं, तर विनंतीपत्र खुलासा मागत परत येतं.

गैरसमज: तक्रारीला मेलची प्रिंट पुरे.
वस्तुस्थिती: मूळ मेल हेडरसकट जपून ठेवा, डिलीट करू नका. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. आणि सर्वांत आधी बँकेला कळवून रक्कम थांबवायला सांगा, सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. सोमवारी साहेब आल्यावर बघू म्हणालात, तर तोवर पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतील.