यंत्राची चूक वाचायची कशी?

देव्हाऱ्याच्या पाठीवरचा गणपती, सागवानी दारावरची वेलबुट्टी, अशी उठावाची कामं आता अनेक कारखान्यांत सीएनसी राउटरवर होतात. याच मशीनवर प्लायच्या जाळ्या कापताना कोणाची तक्रार नसते. उठाव कोरायला घेतला की मात्र कडा दातेरी होतात, नाकाचं टोक बोथट येतं, किंवा काम पुढे सरकेल तसं टूल खोल खोल जात राहतं. मग कोणी टूल बदलतो, कोणी सेटिंग चाळतो, कोणी थेट नव्या मशीनची चौकशी करतो. या धडपडीत मुख्य गोष्ट राहून जाते. चूक किती मिलिमीटरची आहे, यावरून तिचं कारण सहसा कळत नाही. ती कुठे दिसते, कधी वाढते आणि काय केल्यावर नाहीशी होते, यावरून ते कळतं.

उठावातच हे दोष का उघडे पडतात, ते आधी पाहू. जाळी कापताना झेड अक्ष खाली उतरून थांबतो आणि पुढचं काम एक्स आणि वाय करतात. उठावात टूल एका बाजूने जातं, किंचित सरकतं आणि उलट दिशेने परत येतं. जाता-येता झेडची वरखाली चालूच असते. ३०० मिलिमीटर उंचीचं चित्र अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने कोरायचं तर ६०० रेघा होतात. म्हणजे एक्सला सहाशे वेळा दिशा बदलावी लागते आणि झेडला त्याहून कितीतरी जास्त. स्क्रू आणि नटमधला प्ले, म्हणजे त्यांच्यातली मोकळी जागा, नेमका दिशा बदलतानाच बाहेर येतो. मात्र प्रत्येक रेघ हा मशीनचा दोष नसतो. गोल टोकाच्या टूलने दोन रेघांमध्ये बारीक कंगोरा राहतोच. ६ मिलिमीटरचं बॉलनोज आणि ०.६ मिलिमीटर अंतर असेल तर सपाट भागावर तो सुमारे ०.०१५ मिलिमीटर उंच राहतो. अंतर दुप्पट केलं की उंची चौपट, म्हणजे ०.०६ होते. सगळीकडे सारख्या अंतरावर, सारख्या उंचीच्या रेघा दिसत असतील तर मशीन उघडायचं कारण नाही, टूलपाथमधलं अंतर कमी करावं.

खऱ्या दोषांची वागणूक एकमेकांपासून वेगळी असते. प्ले असेल तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या रेघा एकमेकींपासून ठरावीक अंतराने सरकतात आणि उभी कड करवतीसारखी होते. पण ही चूक साठत जात नाही. तोच भाग एकाच दिशेने कोरून पाहिला आणि दाते गेले, तर संशय पक्का होतो. स्टेपर मोटरची पावलं सुटणं याच्या उलट वागतं. अशी मोटर साधारणपणे एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. ५ मिलिमीटर पिचच्या स्क्रूवर एक पाऊल ०.०२५ मिलिमीटरचं होतं आणि पावलं सुटतात ती सहसा चारच्या पटीत. त्यामुळे चित्र अचानक ०.१ मिलिमीटर किंवा त्याच्या पटीत सरकतं आणि तिथून पुढचं सगळं सरकलेलंच राहतं. खोली हळूहळू वाढत असेल तर डायल गेज टूलला न लावता स्पिंडलच्या अंगाला लावावा. काम संपल्यावर स्पिंडल मूळ जागी परत येत असेल आणि टूलचं टोक मात्र खाली आलेलं असेल, तर मोटर निर्दोष आहे. टूल त्याला पकडणाऱ्या कोलेटमधून सरकलं आहे. भुसा वर फेकणारं स्पायरल टूल स्वतःला लाकडात ओढून घेत असतं, म्हणून मळलेल्या किंवा झिजलेल्या कोलेटमधून ते निसटतं. शेवटची फेरी तशीच्या तशी पुन्हा चालवल्यावर नवा भुसा निघाला, तर पहिल्या फेरीत टूल किंवा गॅन्ट्री वाकली होती. आणि वेग निम्मा केल्यावर नाकाचं टोक टोकदार येत असेल, तर कंट्रोलर वेग टिकवण्यासाठी वळणं गोलावत होता.

यावर पहिला आक्षेप लाकडाचा. ओलाव्यात एक टक्का फरक पडला की ३०० मिलिमीटर रुंद सागवानी फळी रेषांच्या आडव्या दिशेने सुमारे अर्धा मिलिमीटर फुगू वा आकसू शकते, मग ०.०५ मिलिमीटरच्या प्लेसाठी एवढी काळजी कशाला? कारण डोळा एकूण माप पाहत नाही, शेजारच्या दोन रेघांमधला फरक पाहतो. लाकडाचं फुगणं सगळ्या फळीवर पसरतं, म्हणून गणपती किंचित रुंद झाला तरी कळत नाही. प्लेने पडलेला दाता एका जागी असतो आणि तिरक्या उजेडात, विशेषतः पॉलिश केल्यावर, लगेच डोळ्यांत भरतो.

दुसरा आक्षेप असा, की सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅशचा, म्हणजे प्लेचा, आकडा भरला किंवा सर्वो मोटर बसवल्या की हे सगळे प्रश्न मिटतात. दोन्ही उपायांचा उपयोग आहे, पण त्यांना मर्यादाही आहेत. सॉफ्टवेअर दिशा बदलताना मोटरला तेवढं जास्त फिरवतं. तरी सैल नट सैलच राहतो आणि टूलवरचा दाब अक्षाला त्या मोकळ्या जागेत ढकलतोच. सर्वोचा एन्कोडर सहसा मोटरच्या मागे असतो. मोटर किती फिरली हे त्याला कळतं, पण स्क्रूपुढे काय झालं ते कळत नाही. पावलं सुटण्यावर सर्वो हा चांगला इलाज आहे, प्लेवर नाही. कारण न शोधता केलेला खर्च असाच दुसऱ्याच रोगावरच्या औषधात जातो.

म्हणून तपासणीला क्रम असावा. आधी पकड पाहावी, म्हणजे कोलेट, फळीचे क्लॅम्प आणि स्पिंडलचे बोल्ट. मग प्ले, मग पावलं आणि शेवटी कंट्रोलरची सेटिंग. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, कारण दोन बदल एकदम केले तर दोष गेला तरी कशामुळे गेला ते कळत नाही आणि तो परतला की शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. या साऱ्या चाचण्यांना एमडीएफचा एक तुकडा आणि एक डायल गेज पुरतो. नव्या मशीनचा निर्णय त्यानंतरही घेता येईल, पण तेव्हा जुन्या मशीनला नेमकं काय जमत नाही हे लिहून हातात असेल.