किनाऱ्यावरच्या शाळेत कासवाचा पाठ

‘समुद्र वाचवा’ असं फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेणं सोपं आहे. आम्ही गटातल्या बाया शाळेत बोलायला जातो तेव्हा ते टाळतो. ज्याच्या घरी पाटीभर मासळी येते, त्या पोराला समुद्राचं महत्त्व आपण काय सांगणार? त्याला ठाऊक नसेल ते सांगावं. त्यासाठी कासवाएवढं सोयीचं दुसरं काही नाही.

आपल्या कोकणात ऑलिव्ह रिडले कासवाची मादी थंडीच्या दिवसांत रात्री पुळणीवर चढते. सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. परत बघायलाही येत नाही. (इथे मुली हमखास म्हणतात, काय ही आई!) अंडी उबवते ती वाळू. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळू जास्त तापलेली असेल तर माद्या अधिक, गार असेल तर नर अधिक. मुलांना दुपारी घरटी नसलेल्या जागी न्यावं, वरच्या वाळूवर हात ठेवायला सांगावा, मग कोपरापर्यंत उकरून आत घालायला सांगावा. एवढा खोल खड्डा कशाला, हे हातालाच कळतं.

दुसरी गोष्ट श्वासाची. कासव पाण्यात राहत असलं तरी आपल्यासारखं फुप्फुसांनी श्वास घेतं. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही, तर ते बुडून मरतं. कासव बुडतं हे मुलांना आधी खरंच वाटत नाही.

इथे मात्र जपून बोलावं. वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील होडीवर जातात. पोर घरी जाऊन “बाबा, तुम्ही कासवं मारता” म्हणालं, तर पाठ फुकट गेला. जाळं कापायचं म्हणजे घरचे पैसे कापायचे. म्हणून पोराच्या हाती दुसरी बातमी द्यावी: कासवासारखा संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं, तर राज्य शासनाकडून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही योजना २०१८ मध्ये आली. सोडवतानाचा फोटो किंवा व्हिडिओ मात्र हवा. ही बातमी घरात आवडीने ऐकली जाते.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासचं उदाहरण मोठ्या मुलांना जरूर सांगावं. पूर्वी तिथे अंडी उकरून खाल्ली, विकली जात. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसोबत काम सुरू केलं. अंडी जाळीच्या कुंपणात हलवून तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवली जाऊ लागली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, घरचंच जेवतात आणि त्याचे चार पैसे बायांच्या हाती येतात. आम्हाला वाटतं, काम टिकलं ते यामुळेही.

मुलांना पिल्लं बघायला नेणार असाल तर मोबाइलच्या बॅटऱ्या बंद ठेवा. पिल्लं उजेडाच्या रोखाने चालतात. काळोखात समुद्राकडची बाजू उजळ दिसते म्हणून ती तिकडे जातात. बॅटरी पेटली की ती उलटी गावाकडे वळतात. पिल्लू उचलून पाण्यात सोडू देऊ नका, त्याचं त्याला चालू द्या. आणि मुलांना दोरीच्या मागेच उभं करा. अंगठ्याएवढी पिल्लं पायाखाली दिसत नाहीत.