पंचेचाळीस अंशांच्या गावातलं लोकरीचं पांघरूण

रायपुरात थंडी जेमतेम दोन महिने मुक्कामाला असते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा बारा-तेरा अंशांवर येतो, क्वचित त्याच्याही खाली. संक्रांतीचा तिळगूळ संपेपर्यंत स्वेटर पुन्हा पेटीत गेलेले असतात. एप्रिल-मेमध्ये हेच गाव चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत भाजून निघतं. अशा ठिकाणी कुणी भर दुपारी मांडीवर लोकर घेऊन पांघरूण विणत बसलं, तर शेजारीण विचारणारच, "काकी, इसको ओढेगा कौन?"

प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर थंडीत सापडत नाही.

पुरानी बस्ती म्हणजे रायपूरचं जुनं अंग. महामायेचं देऊळ, दुधाधारी मठ, अरुंद गल्ल्या, आणि हाकेच्या अंतरावर बुढापारा, ब्राह्मणपारा, तात्यापारा. मराठी माणूस इथे काल-परवा बदली होऊन आलेला नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत छत्तीसगडातल्या रतनपुरावर चालून आले, १७५८ पासून बिंबाजी भोसले तिथून कारभार पाहू लागले, आणि पुढे इंग्रजी अमलातही मध्य प्रांताची राजधानी नागपूरच राहिली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत रायपूरकरांच्या सरकारी कामाचं गाव नागपूर होतं. त्यामुळे इथल्या कितीतरी मराठी घरांची सोयरीक अजून विदर्भात आहे आणि बोलणं निम्मं मराठी, निम्मं हिंदी.

अशा घरांना क्रोशाची सुई नवी नाही. आजीच्या पिढीचं काम पांढऱ्या दोऱ्यातलं: देव्हाऱ्यापुढचं तोरण, ताटावरचा रुमाल, बाळंतविड्यातली कुंची, रेडिओचं आणि मग टीव्हीचं कव्हर. पुढे टीव्ही चपटा झाला आणि त्याच्या डोक्यावरचा क्रोशाचा रुमाल बेघर झाला. मला वाटतं, या कलेला मधल्या काळात जी मरगळ आली तिचं एक कारण हेही असावं. झाकायला वस्तूच उरल्या नाहीत. आता यूट्यूबवर पाहून तीच सुई पुन्हा बाहेर निघाली आहे, पण बारीक दोऱ्याऐवजी जाड लोकर घेऊन आणि पांढऱ्याऐवजी आठ-दहा रंग घेऊन.

पांघरुणाची आपली स्वतःची परंपरा शिवण्याची आहे, विणण्याची नव्हे. आपल्याकडे गोधडी, छत्तीसगढीत कथरी; दोन्ही जुन्या लुगड्या-धोतरांचे थर घालून, धावदोऱ्याने टाचलेल्या. ती काटकसरीतून जन्मलेली गोष्ट. क्रोशाचं पांघरूण हौसेचं, कारण त्याला लोकर विकत आणावी लागते. मात्र त्यातला सगळ्यात लोकप्रिय नमुना, रंगीत चौकोनांचा, मूळचा उरल्यासुरल्या लोकरीचाच. इंग्रजीत त्याला 'ग्रॅनी स्क्वेअर' म्हणतात. १८८५ मध्ये 'प्रेअरी फार्मर' या अमेरिकन शेतकी नियतकालिकात तो छापून आला होता. स्वेटर झाल्यावर राहिलेल्या गुंड्यांचं करायचं काय, हा प्रश्न तिथल्या शेतकरणीलाही पडत होताच.

चौकोन करायची रीत अशी. चार-पाच साखळ्या घालून त्यांचा गोल जोडायचा. त्या गोलात तीन खांब (म्हणजे उभे टाके), दोन साखळ्या, पुन्हा तीन खांब, दोन साखळ्या, असे चार गट. साखळ्यांच्या जागी चार कोपरे तयार होतात. दुसऱ्या फेरीला रंग बदलायचा आणि प्रत्येक कोपऱ्यात दोन-दोन गट घालायचे, मध्ये साखळी ठेवून. तिसऱ्या फेरीपासून प्रत्येक बाजूवर एकेक गट वाढत जातो. खांब टाक्यात नव्हे, मोकळ्या जागेत घालायचा असल्यामुळे टाके मोजायची कटकट नाही. गप्पा मारता मारता, डाळीच्या शिट्ट्या मोजता मोजता हात चालतो. नवशिके चुकतात ते रंग बदलताना: गाठ मारतात आणि दोरा जवळ कापतात. दोन धुण्यांत गाठ सुटते. बोटभर शेपूट ठेवून ते त्याच रंगाच्या टाक्यांतून सुईने पुढे-मागे ओवून टाकावं. हे काम कंटाळवाणं आहे, आणि घरोघरी अर्धवट पडलेली पांघरुणं बहुधा इथेच अडलेली असतात.

चौकोनांची सोय रायपूरच्या हवेला फार मानवते. मे महिन्यात आख्खं पांघरूण मांडीवर घेऊन बसणं म्हणजे शिक्षा. तळहाताएवढा चौकोन मात्र कूलरसमोर बसूनही होतो. उन्हाळाभर चौकोन साठवायचे आणि दिवाळीनंतर जोडायला काढायचे. लोकरही खरी मेंढीची नसतेच, लुधियानाकडची ॲक्रिलिक असते. जाणत्या विणकरणी तिला नाक मुरडतात, पण पावसाळ्यात तिला कसर लागत नाही आणि ती घरी धुता येते. विस्तवापासून तेवढी जपावी, चटकन वितळते. कुणी हल्ली सुती दोरा वापरतात. तो जड पडतो, पण अंगाला गार लागतो. भोकाभोकांचं हे पांघरूण मे महिन्यातही उपयोगी पडतं: रात्रभर चाललेल्या कूलरची हवा पहाटे चारला बोचू लागते तेव्हा.

आता हिशेब. चार फेऱ्यांचा चौकोन साधारण बारा सेंटिमीटरचा. आडवे बारा आणि उभे पंधरा धरले तर १८० चौकोन, म्हणजे सुमारे दीड किलो लोकर. सरावलेल्या हाताला एका चौकोनाला वीस मिनिटं, म्हणजे ६० तास. जोडणं, टोकं ओवणं, कडेची वेल धरून ७५. तासाला ५० रुपये, म्हणजे अगदीच किरकोळ मजुरी लावली तरी पावणेचार हजार, वर लोकर वेगळी. बाजारात छापील वाघाचं गुबगुबीत ब्लँकेट याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळतं. म्हणून "किती सुंदर! विकत का नाहीस?" असं कौतुकाने म्हणणाऱ्याला विणणारी नुसती हसते.

गंमत अशी की हातमागाला यंत्रमागाने जसं मारलं, तसं क्रोशाला कुठल्या यंत्राने मारलेलं नाही. दोन सुयांच्या विणकामात एका ओळीचे सगळे टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात. यंत्रात सुयांची रांग लावली की काम झालं. क्रोशात मात्र कुठल्याही क्षणी साधारण एकच फास जिवंत असतो, आणि सुई वर, खाली, मागे, हव्या त्या भोकात शिरते. हे बाजारात माल काढणाऱ्या यंत्राला अजून साधलेलं नाही. दुकानातलं 'क्रोशे'चं यंत्रावरचं कापड म्हणजे दुसऱ्याच विणीने केलेली नक्कल. आणि ज्या खऱ्या क्रोशाच्या वस्तू स्वस्तात मिळतात, त्या कुणाच्या तरी हातानेच झालेल्या असतात. मग स्वस्त काय आहे, हे उघड आहे.

याचा दाखला फार लांबचा नाही. आंध्रातल्या नरसापूरला, गोदावरीच्या काठी, मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात बायकांना क्रोशाची लेस शिकवली. तिचा मोठा निर्यात-धंदा झाला. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथे राहून लिहिलेलं 'द लेसमेकर्स ऑफ नरसापूर' हे १९८२ चं पुस्तक सांगतं की दिवसाचे सहा-आठ तास लेस विणणाऱ्या बायकांना कामगार म्हणून कुणी मोजतच नव्हतं. त्या 'गृहिणी', आणि त्यांचं काम फावल्या वेळचं. म्हणून मजुरीही फावल्या वेळाची, आणि नफा व्यापाऱ्यांचा. म्हणून क्रोशावर 'घरबसल्या कमवा'चा शिक्का मारणाऱ्यांकडे मी जरा संशयानेच पाहतो. ज्या कामाचा मोल देऊन हिशेब लागत नाही ते कुणाला तरी देऊन टाकावं, नाहीतर स्वतः पांघरून झोपावं. पुरानी बस्तीतल्या घरांत ही पांघरुणं अशीच जातात: भाचीच्या बाळाला दुपटं म्हणून, नाहीतर नागपूरच्या विहिणीला रुखवतातून.

देऊन टाकण्याचा भव्य प्रकारही झाला आहे. 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या चेन्नईच्या गटाने देशोदेशीच्या बायकांकडून चाळीस इंच लांबी-रुंदीचे तुकडे विणून मागवले, आणि ३१ जानेवारी २०१६ रोजी ते जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं पांघरूण मांडलं. गिनेसने त्याची विक्रम म्हणून नोंद केली. आधीचा विक्रम दक्षिण आफ्रिकेतल्या, मंडेलांच्या नावाने पांघरुणं विणून वाटणाऱ्या मंडळींचा होता. चेन्नईतली पांघरुणंही नंतर सुटी करून गरजूंना दिली गेली.

मला स्वतःला सगळ्यात जास्त भुरळ घालतो तो तापमानाच्या पांघरुणाचा प्रकार. रोज एक ओळ. त्या दिवशीच्या कमाल तापमानाप्रमाणे रंग. वर्ष संपलं की ३६५ ओळी. इंग्लंडच्या रीडिंग विद्यापीठातल्या हवामानशास्त्रज्ञ एली हायवुड यांनी २०१७ मध्ये याच धर्तीवर पृथ्वीच्या वर्षावर्षांच्या सरासरी तापमानाचं पांघरूण क्रोशाने विणलं. त्यांचे सहकारी एड हॉकिन्स यांचे निळ्याकडून लालकडे जाणारे 'वॉर्मिंग स्ट्राइप्स' २०१८ मध्ये जगभर गाजले, त्यामागे या पांघरुणाचीही प्रेरणा होती.

हे रायपुरात करायचं तर तापमानाप्रमाणे रंगांची परदेशी यादी कामाची नाही. ती शून्याखाली सुरू होते आणि तिशी-पस्तिशीला संपते. इथे मार्चच्या अखेरीलाच रंग संपून जातील. चोवीसच्या खाली एक, बेचाळीसच्या वर एक आणि मध्ये तीन-तीन अंशांचे सहा, असे आठ रंग पुरतात. ओळ मुक्या खांबाची, म्हणजे बुटक्या टाक्याची घ्यावी. ती साधारण अर्ध्या सेंटिमीटरची होते, म्हणजे ३६५ ओळींचं पांघरूण माणसाच्या उंचीचं. उंच खांबाची ओळ घेतली तर तेच साडेचार मीटरचं होईल आणि तुम्हाला ते ओसरीवर सतरंजीसारखं अंथरावं लागेल. रोजचं काम पंधरा मिनिटांचं. पण मेपर्यंत पांघरूण मांडीभर झालेलं असतं, म्हणून शहाणी माणसं उन्हाळ्यात आकडे वहीत टिपून ठेवतात आणि पावसाळ्यात ओळी भरून काढतात.

रंग कसे वाटले जातात हे आधी बघून लोकर घ्यावी. रायपुरात वर्षाचे बरेचसे दिवस सत्तावीस ते तेहतीस अंशांत जातात. फेब्रुवारी, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर बहुतेक त्यातच. त्या दोन रंगांची लोकर सगळ्यात जास्त लागते, आणि ती एकदमच घ्यावी, लेबलावरचा लॉट नंबर जुळवून. नाहीतर पुढच्या खेपेची छटा उघड वेगळी दिसते. मुंबईकराने हाच तक्ता वापरला तर वर्षभर दोन-तीन रंगांतच फिरेल. पुणेकराची आग एप्रिलमध्ये चढून जूनला विझते. रायपूरच्या पांघरुणात मार्चपासून पट्टे पिवळे, नारिंगी, लाल होत होत मेअखेर अगदी गडद होतात, आणि जूनच्या मध्यावर पाऊस आला की दोन-चार ओळींत खाली उतरून हिरव्यात येतात. पाऊस लांबला त्या वर्षी लालचा आणखी एखादा गुंडा लागतो, तो आधीच आणून ठेवलेला बरा.