झोका, सी-सॉ आणि पंचबोल

परतवाडा-अचलपूर भागातील शाळांची सहल म्हटली की पहिले नाव निघते ते चिखलदऱ्याचे. घाटाचा तीसेक किलोमीटरचा रस्ता चढला की आपण गाविलगडाच्या डोंगररांगेवर पोहोचतो. भीमकुंड, देवी पॉइंट, गाविलगड किल्ला पाहून होतो. मग बागेत डबे उघडतात आणि जेवण आटोपताच सारी मुले झोक्यांकडे धावतात. हे खेळ म्हणजे पदार्थविज्ञानाची उघड्यावर मांडलेली साधनेच आहेत. पुढच्या सहलीला डब्याबरोबर चार वस्तू घ्या : सेकंद दाखवणारे घड्याळ, मोजपट्टी, तापमापी आणि वही.

उंचीवरचा गारवा

परतवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटर उंचीवर आहे, तर चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर. म्हणजे आपण जवळजवळ ७३० मीटर वर चढतो. वर गेल्यावर आपण सूर्याच्या जवळ जातो, मग तेथे गार का? सूर्य पंधरा कोटी किलोमीटर दूर आहे. त्यापुढे पाऊण किलोमीटरचा हिशेब कोण करणार? हवा मुख्यतः तापलेल्या जमिनीमुळे तापते. तापलेली हवा वर चढते, तेथे दाब कमी असल्यामुळे ती प्रसरण पावते आणि प्रसरणासाठी लागणारी ऊर्जा स्वतःच्याच उष्णतेतून खर्च करते. कोरडी हवा अशा रीतीने दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होते. वातावरणाची सरासरी धरली तर सुमारे ६.५ अंशांनी. यावरून खालच्या आणि वरच्या तापमानात ५ ते ७ अंशांचा फरक पडावा असा अंदाज निघतो.

तो पडताळताना एक काळजी घ्या. सकाळी परतवाड्यात आणि दुपारी चिखलदऱ्यात तापमान मोजले, तर उंचीबरोबर वेळही बदलते. तेव्हा शाळेत राहिलेल्या मित्राला ठरलेल्या वेळी सावलीत तापमापी वाचायला सांगा, आणि त्याच वेळी तुम्ही वर वाचा.

झोका म्हणजे दोलक

आता बागेत चला. झोक्याच्या साखळीची लांबी मोजा. ती अडीच मीटर आहे असे समजू. दोलकाच्या सूत्रात ही लांबी घातली, तर एका पूर्ण हेलकाव्याला म्हणजे जाऊन परत येण्याला सुमारे ३.२ सेकंद लागतात. एकच हेलकावा मोजू नका. दहा हेलकाव्यांचा वेळ मोजून दहाने भागा, म्हणजे चूक कमी होते.

आधी वर्गातील सर्वांत हलक्या मुलाला बसवा, मग सर्वांत वजनदार मुलाला. वेळ जवळजवळ तीच येईल, कारण सूत्रात वजन येतच नाही. मग त्याच मुलाला काळजीपूर्वक उभे राहून झोका घ्यायला सांगा. आता वेळ कमी भरेल. उभे राहिल्याने शरीराचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि दोलकाची परिणामी लांबी घटते. ती ४० सेंटिमीटरने घटली, तर ३.२ सेकंदांचे सुमारे २.९ सेकंद होतात.

झोका लहान घ्या किंवा मोठा, वेळ तीच राहते, हे गॅलिलिओने १६०२ मध्ये एका पत्रात मांडले होते. लहान हेलकाव्यांना हे चांगले लागू पडते. झोका प्रत्येक बाजूला ३० अंशांपर्यंत गेला, तरी फरक शेकडा दोनपेक्षा कमी असतो. फार उंच झोक्याला मात्र थोडा जास्त वेळ लागतो.

झोका चढवायचा कसा, हे कोणी न शिकवताच मुलांना येते. लहान बहीणसुद्धा मोठ्या भावाला उंच झोका देऊ शकते, कारण झोका मागे येऊन परत फिरतो त्याच क्षणी ती प्रत्येक वेळी हलकासा धक्का देते. धक्क्याची लय आणि झोक्याची लय जुळली की थोडी थोडी ऊर्जा साठत जाते. यालाच अनुस्पंदन म्हणतात. भलत्या वेळी दिलेला धक्का झोका उलट थांबवतो.

फळीवरची सूचना

बागेत पुष्कळदा पाटी असते : ‘झोके फक्त लहान मुलांसाठी’. ती पाहून मोठी माणसे हसतात आणि खुशाल बसतात. आपण हिशेब करू.

झोका तळापासून एक मीटर उंच गेला असे समजा. वर असताना साठलेल्या स्थितिज ऊर्जेचे तळाशी गतिज ऊर्जेत रूपांतर होते आणि वेग सेकंदाला ४.४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १६ किलोमीटर होतो. जोरात चालवलेल्या सायकलचाच हा वेग! झोक्याच्या पुढून किंवा मागून पळत जाणाऱ्या लहान मुलाला ही सायकलच येऊन धडकते. म्हणून झोक्याभोवती मोकळी जागा सोडतात.

आता साखळीकडे पाहा. झोका तळातून जाताना साखळीला दोन कामे असतात : वजन तोलणे आणि शरीराला वर्तुळाकार मार्गावर वळवणे. अडीच मीटर साखळी आणि एक मीटर उंची धरली, तर तळाशी ताण वजनाच्या १.८ पट होतो. ४० किलोग्रॅमच्या मुलामुळे साखळीवर ७२ किलोग्रॅमचा भार येतो. ७० किलोग्रॅमची दोन माणसे एकत्र बसली, तर हाच भार २५० किलोग्रॅमच्या वर जातो, आणि तोही प्रत्येक हेलकाव्याला दोनदा! वरच्या कड्या अशाने झिजतात. त्या तुटतात तेव्हा झोक्यावर कदाचित दुसरेच कोणी लहान मूल बसलेले असते. बसण्यापूर्वी कड्यांकडे एकदा नजर टाका.

सी-सॉ आणि घसरगुंडी

सी-सॉ म्हणजे तरफ. ४० किलोग्रॅमचा मुलगा टेकूपासून दीड मीटरवर बसला, तर ३० किलोग्रॅमच्या मुलीने दोन मीटरवर बसावे. दोन्हीकडे गुणाकार ६० येतो आणि फळी तोलली जाते. मात्र एकाने अचानक उडी मारून उतरू नये. तोल तत्क्षणी जातो आणि दुसरा आपटतो.

घसरगुंडी बहुधा लोखंडी पत्र्याची असते. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हातला पत्रा त्याहूनही कितीतरी जास्त तापतो. शेजारचे लाकडी बाकही उन्हात तापते, पण त्यावर हात ठेवता येतो. लाकूड उष्णतेचे मंद वाहक असल्याने त्यातील उष्णता हाताकडे हळू येते. लोखंड ती झटकन देते. लहान भावंडाला बसवण्यापूर्वी आपण तळहाताने पत्रा तपासावा.

पंचबोल

शेवटी पंचबोल पॉइंटवर चला. येथे मारलेली हाक पाच वेळा ऐकू येते असे सांगतात. समोर दरीपलीकडे डोंगरांचे कडे वेगवेगळ्या अंतरांवर उभे आहेत. प्रत्येक कड्यावरून ध्वनी परततो. जवळच्याकडून आधी, लांबच्याकडून नंतर. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. हाक आणि प्रतिध्वनी यांत तीन सेकंद गेले, तर ध्वनीने १०२० मीटर प्रवास केला. जाऊन येण्याचे हे अंतर असल्याने कडा ५१० मीटरवर आहे. दरी न ओलांडता तिची रुंदी मोजता आली! लांब हाक मारू नका. एकच टाळी वाजवा किंवा ‘ए’ असा तुटक आवाज काढा, म्हणजे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळणार नाहीत. कठड्याच्या आतच राहा. हे मेळघाटचे जंगल आहे, तेव्हा प्रयोग झाला की गोंगाट नको.

करून पाहा

१. दहा हेलकाव्यांच्या वेळेवरून झोक्याची परिणामी लांबी काढा. ती साखळीच्या लांबीइतकी येते का? नसल्यास का?

२. सी-सॉवर स्वतःचे वजन माहीत असलेल्या मित्राच्या साहाय्याने दुसऱ्याचे वजन काढा.

३. पंचबोलला किती प्रतिध्वनी मोजता येतात? प्रत्येकाची वेळ लिहून कड्यांची अंतरे काढा आणि त्यांचा नकाशा रेखाटा.

सहलीचा अहवाल लिहिताना ही मोजमापे त्यात घाला. तुमच्या आणि मित्राच्या आकड्यांत फरक आला, तर कोणाचा बरोबर यावर वाद घालू नका. दोघे मिळून पुन्हा मोजा.