गाडीला रस्ता कसा कळतो?

सुट्टीत बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाताना घाटात मोबाईलची रेंज गेली आणि नकाशा पुढे उघडेना, असा अनुभव तुमच्यापैकी काहींना आला असेल. पण काही लहान एस्‌यूव्ही गाड्यांत कंपनीनेच नॅव्हिगेशन बसवलेले असते. २०१६ साली आलेल्या विटारा ब्रेझाच्या महागड्या मॉडेलमध्येही ते होते. अशा गाडीच्या पडद्यावरचा बाण रेंज नसतानाही वळणे घेत पुढे सरकत राहतो. हे कसे?

उपग्रह आपल्याला रस्ता दाखवतात असा अनेकांचा समज आहे. खरे म्हणजे त्यांना आपला रस्ता ठाऊकच नसतो! जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त आपली जागा आणि अचूक वेळ कळवत राहतात. तो संदेश पोहोचायला किती वेळ लागला त्यावरून गाडीतला ग्राहक उपग्रहाचे अंतर काढतो. निदान चार उपग्रहांची अंतरे मिळाली की गाडीचे ठिकाण निश्चित होते. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो. त्यामुळे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. म्हणूनच उपग्रहांत अणुघड्याळे असतात.

या कामाला मोबाईलची रेंज लागत नाही. रेंज लागते ती नकाशा उतरवून घ्यायला. गाडीतला नकाशा बहुधा आधीच एका छोट्या कार्डात किंवा यंत्राच्या स्मृतीत साठवलेला असतो. (मोबाईलमध्येही नकाशा आधी साठवून ठेवता येतो, पालकांनी हे जरूर करून पाहावे.)

द्रुतगती मार्गावरच्या भातण बोगद्यात तर उपग्रहाचा संदेशही पोहोचत नाही. तिथे काही गाड्या चाकांच्या फेऱ्या मोजून अंतर काढतात आणि जायरोस्कोपवरून वळण ओळखतात. हा अंदाजच असतो. बोगदा जितका लांब तितकी चूक वाढते आणि बाहेर आल्यावर ती दुरुस्त होते.

आता यातली मोठी उणीव. साठवलेला नकाशा ज्या दिवशी तयार झाला, त्या दिवशीचाच राहतो. नंतर झालेला बाह्यवळण रस्ता त्याला माहीत नसतो, पडलेला पूलही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेच्या तुटलेल्या पुलावरून गाडी खाली कोसळून तिघांचा बळी गेला. ते नॅव्हिगेशनच्या भरवशावर चालले होते, असे वृत्तपत्रांत आले होते. पुलाचा भाग आधीच पुरात वाहून गेलेला होता.

तेव्हा प्रवासाआधी गाडीच्या सेटिंगमध्ये जाऊन नकाशा कोणत्या वर्षाचा आहे ते पाहावे. तो जुना असेल तर सर्व्हिसिंगच्या वेळी नवा भरून मागावा. काही कंपन्या यासाठी पैसे घेतात, हे आधी विचारून घ्यावे. जायचे ठिकाण गाडी सुरू करण्यापूर्वीच भरावे. पुढे बसलेल्या मुलांनी पडद्यावर नव्हे, रस्त्याकडेच्या पाट्यांवर लक्ष ठेवले तर बाबांना मोठीच मदत होईल.