‘हे कुठे लिहिलंय?’ : देकार्त, एलिझाबेथ आणि सहा महिन्यांचा एक वर्ग

गेल्या व्याख्यानानंतर दोघातिघांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. ‘एक्स्चेंजवर परदेशी विद्यापीठात जायचं आणि तिथे देकार्त वाचायचा, म्हणजे नेमकं वेगळं काय करायचं? देकार्त इथेही तोच, तिथेही तोच.’ प्रश्न रास्त आहे. म्हणून आज स्पिनोझा थोडा पुढे ढकलते आणि याच प्रश्नावर बोलते.

मी स्वतः एम.ए.ला असताना एका सहामाहीसाठी नेदरलँड्सला गेले होते. जाताना देकार्त मला ‘येत होता’. म्हणजे काय, तर आठ मुद्द्यांत येत होता. विवेकवादाचा जनक, संशयपद्धती, द्वैतवाद, मन आणि शरीर ही दोन द्रव्यं, त्यांची आंतरक्रिया पिनियल ग्रंथीत, आणि शेवटी ‘मूल्यमापन’. आपल्यापैकी बरेच जण हे ओळखतील. (हशा)

तिथली व्यवस्था अशी, की युरोपात पूर्ण वर्षाचा अभ्यास ६० क्रेडिटचा, म्हणजे सहामाहीला ३०. एका क्रेडिटमागे साधारण २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. पाच क्रेडिटचा एक विषय घेतला तर सव्वाशे ते दीडशे तास. त्यातला वर्गात बसण्याचा वेळ अगदीच थोडा. उरलेल्या वेळात काय करायचं? वाचायचं. आणि पंचवीस पानं तीनदा वाचायची, पाचशे पानं एकदा नव्हे. हे कळायला मला महिना लागला. जाणाऱ्यांनी विषय निवडताना हे लक्षात ठेवा. कागदावर पाच विषय सोपे दिसतात, प्रत्यक्षात तीन पुरेसे होतात.

माझा पहिला निबंध परत आला तेव्हा त्यावर गुण नव्हते. ‘मन आणि शरीर यांची आंतरक्रिया पिनियल ग्रंथीत होते’ या माझ्या वाक्याखाली रेघ होती आणि समासात एकच प्रश्न. हे कुठे लिहिलंय? मला वाटलं, पुस्तकाचं नाव हवं असेल. ‘मेडिटेशन्स’ असं लिहून पाठवलं. पुन्हा तोच प्रश्न. मग शोधायला बसले आणि दोन दिवस सापडेना. सहाव्या चिंतनात मेंदूच्या एका लहानशा भागाचा उल्लेख आहे, पण ग्रंथीचं नाव नाही. ते ठळकपणे येतं १६४९च्या ‘पॅशन्स ऑफ द सोल’मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी. तीच गत विचारावरून अस्तित्वाकडे नेणाऱ्या त्या प्रसिद्ध सूत्राची. ते १६३७च्या फ्रेंच पुस्तकात आहे, १६४४च्या लॅटिन पुस्तकात आहे, पण मेडिटेशन्समध्ये त्या रूपात नाही. तिथे ‘म्हणून’ हा शब्दच नाही. आता यावर कोणी म्हणेल, हा नुसता कीस पाडणं झालं. मलाही तेव्हा तसंच वाटलं आणि रागही आला. पण त्या आठ वर्षांत काय झालं, हे विचारलं की एक माणूस समोर येतो, जो माझ्या आठ मुद्द्यांत कुठेच नव्हता.

एलिझाबेथ. बोहेमियाची राजकन्या. जन्म १६१८चा. वडिलांचं राज्य एका हिवाळ्यात आलं आणि गेलं, आणि कुटुंब हेगमध्ये आश्रयाला राहिलं. मे १६४३ मध्ये, चोवीस वर्षांची असताना, ती देकार्तला पहिलं पत्र लिहिते. पत्रावर ६/१६ अशी जोडतारीख आहे, कारण तेव्हा युरोपात ज्यूलियन आणि ग्रेगोरियन अशी दोन पंचांगं चालू होती आणि त्यांत दहा दिवसांचं अंतर होतं.

तिचा प्रश्न बघा. तुमच्या मते आत्मा हे केवळ विचार करणारं द्रव्य आहे. मग तो शरीराला हलवतो कसा? एखादी वस्तू हलते ती ढकलल्यामुळे, ढकलणारी गोष्ट कशी आहे त्यामुळे, किंवा तिच्या पृष्ठभागाच्या आकारामुळे. पहिल्या दोहोंना स्पर्श लागतो, तिसऱ्याला विस्तार लागतो. आत्म्याला तुम्ही दोन्ही नाकारता. यात ‘मला पटत नाही’ असं कुठेच नाही. देकार्तचीच व्याख्या घेऊन, त्याच्याच भौतिकशास्त्राचे नियम लावून, ती हिशोब मागते आहे.

देकार्त उत्तर देतो जडपणाच्या, म्हणजे वजनाच्या उदाहरणाने. जुने पंडित वजन हा एक गुण मानत, जो दगडाला स्पर्शाशिवाय खाली नेतो. आत्मा शरीराला हलवतो ते तसं समजा. गंमत अशी, की वजनाची ही कल्पना देकार्तने स्वतःच चूक ठरवली होती. एलिझाबेथ हे बरोबर पकडते. जी कल्पना तुम्ही टाकून दिलीत तिच्या आधारे मी काय समजू? यापेक्षा आत्म्यालाच विस्तार आहे असं मानणं मला सोपं जाईल, असंही ती सांगते. पुढच्या पत्रात देकार्त म्हणतो, की आत्मा आणि शरीर यांची एकता शुद्ध बुद्धीने कळत नाही, रोजच्या जगण्यातून कळते. आपण तर वर्षातले थोडेच तास अशा शुद्ध चिंतनाला देतो, असंही सांगतो. त्यावर तिचं म्हणणं एवढंच, की आत्मा शरीराला हलवतो हे इंद्रियं मला दाखवतात, कसं ते नाही दाखवत.

आता पिनियल ग्रंथीकडे परत या. ग्रंथी हे ‘कुठे’चं उत्तर आहे. तिचा प्रश्न ‘कसं’ हा होता. माझ्या नोट्समध्ये ‘कुठे’ लिहिलं होतं आणि मी ते ‘कसं’ म्हणून पाठ केलं होतं. शिवाय ज्या पुस्तकात ग्रंथी येते ते पुस्तकही मोठ्या प्रमाणात तिच्याच प्रश्नांतून, १६४५नंतरच्या पत्रांतून वाढलं. ही पत्रं आपल्यापर्यंत उशिरा का आली, तेही सांगते. देकार्तच्या मृत्यूनंतर त्याची पत्रं १६५७पासून छापली गेली, पण तिने स्वतःची छापू दिली नाहीत. आर्न्हेमजवळच्या एका वाड्यात त्यांच्या प्रती सापडल्या आणि १८७९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. दोनशेवर वर्षं लोक या संवादातली एकच बाजू वाचत होते.

वर्गात आम्ही चौदा जण. इटली, पोलंड, तुर्कस्तान, स्पेन, मी. इंग्रजी कोणाचीच मातृभाषा नव्हती, आणि मला वाटतं तेच बरं झालं. एकदा आम्हाला सांगितलं, की ज्याला मूळ लॅटिनमध्ये ‘मेन्स’ म्हटलंय आणि एलिझाबेथ फ्रेंचमध्ये ‘आम’ म्हणते, ते आपापल्या भाषेत सांगा. मी पटकन ‘मन’ म्हणाले. आणि अडकले. मन दुखतं, मन लागत नाही, मनात येतं, पण गणित मनाने सोडवतो का आपण? बरं, ‘आत्मा’ म्हणावं तर तो विचारच करत नाही असं मानणारी दर्शनं आपल्याकडे आहेत. सांख्यांकडे पुरुष एका बाजूला, आणि बुद्धी, अहंकार, मन हे सगळं दुसऱ्या बाजूला, प्रकृतीत. म्हणजे देकार्त जिथे रेघ मारतो तिथे सांख्य मारतच नाहीत. देकार्तची रेघ विचार आणि विस्तार यांच्यामध्ये आहे, सांख्यांची चैतन्य आणि विचारासकट बाकी सगळं यांच्यामध्ये. ‘आपल्याकडेही द्वैतवाद आहेच’ हे वाक्य मी वर्गात अभिमानाने म्हणणार होते. ते गिळलं. पण गिळताना देकार्त पहिल्यांदा विचित्र दिसला, म्हणजे ज्याची कारणं विचारावी लागतील असा दिसला.

जाता जाता एक. देकार्तही एका अर्थी एक्स्चेंजचाच विद्यार्थी. हा फ्रेंच माणूस तिशी उलटल्यावर १६२९ मध्ये फ्रानेकर आणि १६३० मध्ये लायडनच्या विद्यापीठात नाव घालतो. एलिझाबेथला ती सोय नव्हती. तिच्याशी पत्रव्यवहार असलेली आना मारिया फान स्खुरमन १६३६ मध्ये उत्रेख्तला व्याख्यानं ऐकायला बसली ती पडद्याआड, विद्यार्थ्यांना दिसणार नाही अशी. एलिझाबेथचा वर्ग म्हणजे टपाल. घरच्या कामांतून, भेटीगाठींतून वेळ मिळत नाही, अशी तक्रार ती त्या पत्रांतही करते.

माझा निबंध मी तिसऱ्यांदा लिहिला तेव्हा तो निम्मा झाला होता. प्रत्येक वाक्याशेजारी पानाचा आकडा, आणि जिथे आकडा मिळाला नाही ते वाक्य काढलेलं. उत्तीर्ण झाले, फार काही गुण नव्हते. इथे परतल्यावर त्या क्रेडिटचं काय करायचं यावर कार्यालयात तीन महिने गेले, ती कथा वेगळी.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी १६४३ मधली मे ते जुलैची पत्रं आधी वाचा, पाचच आहेत, मेडिटेशन्स नंतर घ्या. पुढच्या वेळी स्पिनोझा नक्की. आता प्रश्न घेऊ.