बिघडलेल्या बिअरचा माग

आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील, पण खरं तर तो रसायनशास्त्राचा आहे, आणि नाकाचा. आधी एक खुलासा. आम्ही जे सांगणार आहोत ते सगळं इंग्लंडमधलं आहे. तिथे घरी बिअर करायला १९६३ पर्यंत परवाना लागायचा, त्या वर्षी ती अट गेली. आता स्वतःपुरती करा, कोणी विचारत नाही, विकायची मात्र नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. तेव्हा हे ऐकून कोणी आज रात्री बादली घेऊन बसू नये. (हशा)

बिअर होते कशी, ते दोन मिनिटांत. बार्लीला मोड आणून, वाळवून, मंद भाजतात, ते माल्ट. ते भरडून साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवलं की पिठाची साखर होते. ते गोड पाणी गाळून घ्यायचं, त्याला वर्ट म्हणतात. मग हॉप्सची फुलं घालून तासभर उकळायचं, थंड करायचं, यीस्ट घालायचं आणि आंबायला ठेवायचं. पुढे बाटल्या भरायच्या. आमचा एक घाणा वीस लिटरचा, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चाळीस बाटल्या.

चार वर्षं सगळं ठीक चाललं होतं. मग एका घाण्याला औषधाचा वास आला. पुढच्यालाही. सलग चार घाणे, ऐंशी लिटर, मोरीत. आम्ही दोघं मिळून हे काम करतो. धुण्या-पुसण्याचं एकाकडे, चुलीवरचं दुसऱ्याकडे. त्यामुळे गुन्हेगार कोण हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं, फक्त दोघांची नावं वेगळी होती. चौथ्या घाण्यानंतर बोलणं जवळजवळ बंद झालं आणि सामान विकून टाकायची भाषा सुरू झाली. आजचं व्याख्यान त्या भांडणातून आलेलं आहे.

आता वास नेमका कसला? इथेच बहुतेक लोक चुकतात. “खराब झालीय” म्हणतात आणि ओतून देतात. पण खराब म्हणजे काय? आंबट? तुरट? लोण्यासारखी? ओल्या पुठ्ठ्यासारखी? प्रत्येक शब्दाच्या मागे वेगळा रेणू आहे आणि वेगळी चूक आहे. ऐंशीच्या दशकापासून व्यवसायात जे स्वादचक्र वापरतात ते मॉर्टन मेलगार्ड या शास्त्रज्ञाच्या पुढाकारानं १९७९ च्या सुमारास तयार झालं, ते याच गरजेतून: वेगवेगळ्या कारखान्यांतल्या माणसांनी एकाच वासाला एकच नाव द्यावं. आपल्याला मराठीत एक सोय आहे. तुरट हा शब्द आपल्याकडे तयार आहे. कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ आवळते तसं बिअर पिऊन झालं, तर तो वासाचा प्रश्नच नाही. माल्ट फार गरम पाण्यानं धुतलं आणि सालीतलं टॅनिन उतरलं, असं समजायचं. चहा जास्त उकळला की होतं तेच.

आमचा वास डेटॉलचा होता. जखमेवरच्या चिकटपट्टीचा म्हणा. आम्ही हे शब्द वहीत लिहिले आणि तिथून गाडी रुळावर आली, कारण डेटॉलमधलं जे मुख्य औषध, क्लोरोझायलेनॉल, ते क्लोरीन जोडलेलं फिनॉलच आहे. उपमा म्हणून सुचलेला शब्द रासायनिकदृष्ट्याही शेजारचाच निघाला.

पण असा वास बिअरमध्ये दोन वाटांनी येतो, आणि तिथेच आमचं भांडण होतं. पहिली वाट जंगली यीस्टची. माल्टमध्ये फेरुलिक आम्ल असतं. काही यीस्ट त्याचं रूपांतर लवंगेच्या वासाच्या एका फिनॉलमध्ये करतात. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये हा वास मुद्दाम हवा असतो, तिचं यीस्टच तसं निवडलेलं असतं. पण हवेतून किंवा खरवडलेल्या नळीतून भलतं यीस्ट शिरलं, की लवंगेऐवजी धूर, प्लास्टिक, औषध असं काहीही येऊ शकतं. म्हणजे दोष धुणाऱ्याचा. दुसरी वाट पाण्याची. नळाच्या पाण्यात जंतू मारायला घातलेलं क्लोरीन माल्टमधल्या फिनॉल्सशी जुळतं आणि क्लोरोफिनॉल्स तयार होतात. ही इतकी तीव्र असतात की अब्जात काही भाग एवढ्यावरही नाकाला कळतात.

धुणाऱ्यानं मोठ्या मनानं नळ्या, बादली, तोट्या सगळं नवीन आणलं. पाचवा घाणाही डेटॉल! आता चूल सांभाळणारा म्हणाला, पाणी असूच शकत नाही, कारण चारही वर्षं आपण पाणी रात्रभर उघडं ठेवतो, क्लोरीन उडून जातं. हे खरं होतं. क्लोरीन उडतंच.

इथे आम्ही थांबून जुन्या बाटल्यांकडे परत गेलो. दुसऱ्या घाण्याच्या सहा बाटल्या अडगळीत राहिल्या होत्या, तीन महिने जुन्या. उघडल्या. वास तेवढाच. फसफसून बाहेर आली नाही, पातळ झाली नाही, आंबट झाली नाही. ही खूण फार महत्त्वाची आहे, बरं का. संसर्ग जिवंत असतो. जंगली यीस्टला खायला मिळत राहिलं की ते वाढतं. आपल्या यीस्टनं सोडून दिलेल्या साखरासुद्धा त्यातली काही जातीची यीस्ट खातात, त्यामुळे बाटलीतला दाब वाढत जातो आणि चव महिन्यामहिन्याला बदलते. रसायन मात्र पहिल्या आठवड्यात होतं ते तिथेच राहतं. आमचा वास पहिल्या दिवसापासून होता आणि वाढत नव्हता. म्हणजे संशय पुन्हा पाण्यावर.

मग एकच घाणा चार भागांत केला. माल्ट एक, हॉप्स एक, यीस्ट एकाच पाकिटातलं. पहिल्या बरणीत नळाचं रात्रभर ठेवलेलं पाणी. दुसरीत तेच पाणी, पण कॅम्पडेनची गोळी घालून. तिसरीत दुकानातलं बाटलीबंद पाणी. चौथीतही बाटलीबंद पाणी, पण मुद्दाम जुन्या, फेकायला काढलेल्या नळीतून काढलेलं वर्ट. ही चौथी बरणी म्हणजे आमच्यातल्या एकाची अब्रू होती.

चाखायचं कोणी? आम्ही नाही. दोघांची नाकं पूर्वग्रहानं भरलेली. शिवाय माणसागणिक फरक असतो: काही जणांना काही वास मुळीच येत नाहीत, आणि त्यांना ते ठाऊकही नसतं. म्हणून त्रिकोणी चाचणी. ही पद्धत १९४० च्या दशकात कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत बसवली गेली. तीन पेले ठेवायचे, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला ओळखा, एवढंच विचारायचं. “कुठली वाईट?” असं विचारायचं नाही. नुसत्या अंदाजानं तिघांतला एक बरोबर येतो. आम्ही ओळखीचे बारा जण बसवले. पहिल्या आणि तिसऱ्या बरणीतला फरक अकरा जणांनी ओळखला. तिसऱ्या आणि चौथ्यात चौघांनी, म्हणजे अंदाजाइतकाच. दुसऱ्या आणि तिसऱ्यात पाच. नळी निर्दोष, पाणी दोषी. चुलीवाल्यानं जेवण दिलं.

पण पाणी तर चार वर्षं तेच होतं! पाणीपुरवठ्याचा वार्षिक अहवाल काढून वाचला तेव्हा कळलं की पुरवठादारानं मधल्या काळात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरायला सुरुवात केली होती. क्लोरीन आणि अमोनिया एकत्र करून ते करतात. लांबच्या नळांपर्यंत ते टिकतं, म्हणून पाणीवाल्यांना सोयीचं. आणि टिकतं म्हणूनच ते रात्रभर ठेवून उडत नाही, उकळूनही सहज जात नाही. आमची रीत बरोबर होती, पण ती जुन्या पाण्यासाठी. त्यावर उपाय म्हणजे कॅम्पडेनची गोळी, म्हणजे सोडियम किंवा पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. एक गोळी जवळजवळ पंचाहत्तर लिटरला पुरते. आम्ही तीस लिटर पाण्याला अर्धी चुरून टाकतो, ढवळतो, काही मिनिटांत काम होतं. सगळ्या प्रकरणाची किंमत अर्धी गोळी.

बाकीच्या वासांचं थोडक्यात सांगतो, एका वासावर मात्र जरा थांबू. तो लोण्याचा. रेणूचं नाव डायअसेटिल, आणि विरजणाच्या लोण्याचा, ताज्या ताकाचा जो वास आपल्याला आवडतो त्यात तोच असतो. बिअरमध्ये मात्र लिटरला एक दशांश मिलिग्रॅमच्या आसपास तो जाणवायला लागतो. यीस्ट स्वतःच्या वाढीसाठी काही अमिनो आम्लं बनवतं, त्या वाटेतला एक पदार्थ पेशीबाहेर सांडतो आणि बाहेर त्याचं आपोआप डायअसेटिल होतं. गंमत अशी की तेच यीस्ट शेवटी ते परत खाऊन बिनवासाचं करतं. म्हणजे घाई करणाऱ्याची बिअर लोणकट होते. थंडीत आंबवणाऱ्यांनी शेवटी दोन-तीन दिवस तापमान १६ ते १८ अंशांवर न्यावं, यीस्ट जागं राहतं. आणि बाटल्या भरण्याआधी एक परीक्षा: थोडी बिअर झाकून साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, थंड करून हुंगा. लोणी आलं तर अजून थांबा. कारण आत्ता वास नसला तरी तो जन्माला यायचा बाकी असतो, उष्णतेनं तो लवकर बाहेर येतो.

उकडलेल्या मक्याचा वास आला तर उकळताना झाकण ठेवलं होतं का, ते आठवा. तो वायू ३७ अंशांलाच उकळतो, त्याला फक्त बाहेर जायची वाट हवी. झाकणावर जमून परत थेंबथेंब पडला तर कसा जाणार? ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बाटली भरताना हवा शिरली. आणि हिरव्या बाटलीतली बिअर उन्हात ठेवली तर हॉप्समधला कडू पदार्थ प्रकाशानं तुटून गंधकयुक्त रेणू होतो. तिकडचे लोक त्याला स्कंकचा वास म्हणतात. स्कंक आपल्याकडे नाही, पण वास एकदा घेतला की विसरत नाही. तपकिरी बाटली वापरा, अंधारात ठेवा.

प्रश्नोत्तरांत एकानं विचारलं की हे सगळं घरच्याच चुलीवरचं आहे, कारखान्यांना काय फरक? फरक पैशाचा. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला कोपनहेगनच्या जुन्या कार्ल्सबर्गमध्येच बिअर बिघडली होती. पाश्चरनं १८७६ च्या आपल्या पुस्तकात बिअरच्या आजारांचं खापर जिवाणूंवर फोडलं होतं, त्यामुळे सगळे जिवाणू शोधत होते. तिथल्या एमिल क्रिस्टियन हान्सेनला यीस्टमध्येच जंगली यीस्ट मिसळलेलं सापडलं. त्यानं एकेक पेशी वेगळी काढून वाढवली, चांगली जात निवडली, आणि १८८३ मध्ये कारखान्यात शुद्ध यीस्ट वापरात आलं. मालक जेकबसेननं ते इतर कारखान्यांनाही दिलं. म्हणजे आमच्या धुणाऱ्यावरचा संशय अगदीच वेडा नव्हता, एवढं त्याच्यासमोर कबूल करतो.

आणखी एक प्रश्न होता: बिघडलेला घाणा वाचवता येतो का? लोण्याचा असेल आणि यीस्ट अजून जिवंत असेल तर येतो, उबेत ठेवून. मक्याचा, पुठ्ठ्याचा, डेटॉलचा नाही. तो ओता, पण आधी सहा बाटल्या अडगळीत टाकून तारीख लिहून ठेवा.